शेतीवरचे माहितीपट गावात दाखवताना : पाणी कुठनं, पैसा कुठनं?

कृष्णाकाठ | १२ जुलै, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. इथं बरेच दिवस नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

मी वाळवा तालुक्यातला. चार एकर रान, त्यातलं तीन एकर उसाखाली. गेल्या डिसेंबरपासून आम्ही पाच-सहा जण मिळून गावच्या वाचनालयात रविवारी रात्री शेतीवरचे माहितीपट दाखवतोय. प्रोजेक्टर हायस्कूलच्या सरांनी दिला, पडदा म्हणून मंडपवाल्याचं पांढरं कापड. फिल्म इंग्रजीत असते, त्यामुळं मी माईक घेऊन शेजारी बसतो आणि दर दोन-तीन मिनिटांनी थांबवून मराठीत सांगतो. पहिल्या रविवारी चाळीसभर माणसं आली होती.

सुरुवात केली 'द बिगेस्ट लिटल फार्म'नं. २०१८ चा आहे. जॉन चेस्टर आणि त्याची बायको मॉली कॅलिफोर्नियात २०० एकरांच्या आसपास मेलेली जमीन घेतात आणि ॲलन यॉर्क नावाच्या जाणत्या माणसाच्या सल्ल्यानं तिथं फळझाडं, जनावरं, कोंबड्या, बदकं असं सगळं एकत्र उभं करतात. गोगलगायींनी झाडं खाल्ली तर बदकं सोडली. गोफर म्हणजे मुळं कुरतडणारे उंदरासारखे प्राणी, त्यांच्यावर घुबडं आली. कोंबड्या मारणारे कायोटी, म्हणजे कोल्ह्यासारखे प्राणी, गोफरही खातात, हे त्याला फार उशिरा उमगतं. आमची मंडळी अगदी गुंतून पाहत होती. ॲलन यॉर्क जातो तिथं मागच्या रांगेतल्या दोन-तीन म्हाताऱ्यांनी डोळे पुसले.

संपल्यावर आमच्या भावकीतले एक आबा उठले. म्हणाले, "पोरा, लई झ्याक हाय. पर मला दोन गोष्टी सांग. ह्या गड्याला एवढी वर्सं पोसलं कुनी? आन् पाणी कुठनं आनलं?"

मला उत्तर देता आलं नाही. गुंतवणूकदार मिळाले एवढं फिल्ममधून कळतं, रक्कम कळत नाही. दुष्काळ दिसतो, पाण्याचा हिशेब दिसत नाही. तेव्हापासून प्रत्येक फिल्मनंतर आम्ही हेच दोन प्रश्न विचारतो.

जानेवारीत 'किस द ग्राउंड' लावला. २०२० चा, वुडी हॅरेल्सनच्या आवाजातला. नांगरट कमी करा, माती उघडी ठेवू नका, पिकं बदला, जनावरं फिरवा, म्हणजे हवेतला कार्बन जमिनीत मुरेल, असं त्याचं सांगणं. दुसऱ्या दिवशी सकाळी लोकांनी दोन काचेच्या बरण्या आणल्या. एकीत बांधावरच्या गवताखालचं ढेकूळ, दुसरीत उसाच्या सरीतलं. दोन्हींत पाणी ओतलं. बांधावरचं ढेकूळ तासाभरानंतरही तसंच, वर पाणी निवळशंख. रानातलं पाच मिनिटांत विरघळून चहासारखं झालं. एका बांधाच्या अंतरावरची तीच काळी माती. त्या बरण्या अजून वाचनालयाच्या कपाटावर आहेत.

त्याच महिन्यात माझा ऊस तोडून कारखान्याला गेला. पाचट, म्हणजे मागं राहिलेली उसाची वाळली पानं, पेटवायला काडी हातात होती आणि पहिल्यांदा थांबलो. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राच्या शिफारशीत हेक्टरी ८ ते १० टन पाचट धरलंय, त्यात नत्र (नायट्रोजन) साधारण अर्धा टक्का. म्हणजे हेक्टरी ४०-५० किलो नत्राचा आपण धूर करतो. युरियात मोजलं तर दोन पोती. सेंद्रिय कर्ब, म्हणजे मातीला मिळणारा कार्बन, जातो तो वेगळाच.

एक एकर पाचट तसंच ठेवलं. फेब्रुवारीत खोडवा, म्हणजे तोडलेल्या बुडख्यांतनं परत फुटलेला ऊस, पिवळा पडला. शेजारचे जाळलेले प्लॉट हिरवेगार आणि माझा कावीळ झाल्यासारखा. येणारे-जाणारे थांबून बघायचे. घरात आई बोलायची बंद झाली. नंतर कळलं की पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र थोडं, त्यामुळं ते कुजवणारे जिवाणू जमिनीतलं नत्र आधी स्वतः घेतात आणि पिकाला उपास पडतो. शिफारस अशी आहे की पाचटावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत टाकायचं. मी काहीच टाकलं नव्हतं. फिल्ममध्ये हे नव्हतं, आणि मी कुणाला विचारलंही नव्हतं. मग शिफारशीप्रमाणे टाकलं, वरची खताची मात्रा पहारीनं भोकं पाडून दिली, एप्रिलमध्ये पीक सावरलं. मे महिन्यात शेजाऱ्याला ११ दिवसांनी पाणी द्यावं लागत होतं, मला १६ दिवसांनी.

आता विचारायचं असं : पुढं कुठल्या फिल्म दाखवाव्यात? आणि आपल्याच एखाद्या रानाची, वर्षभराची, हिशेबासकट फिल्म करता येईल का?

---

शिवारफेरी | १२ जुलै, रात्री १०.१५

वाचनखूण साठवली. पिवळ्या खोडव्याचं लिहिलंत ते फार बरं केलंत. यशोगाथा वाचून उडी मारणारे पहिल्या पिवळ्या पानाला परत काडी ओढतात, आमच्याकडं तसंच झालं.

---

नीलम_मिरज | १२ जुलै, रात्री ११.०५

दादा, 'फूड, इंक.' दाखवा. २००८ चा आहे, रॉबर्ट केनरचा. अमेरिकेतलं अन्न किती थोड्या कंपन्यांच्या हातात आहे यावर. त्यातला कोंबड्यांचा भाग आपल्याकडच्या लोकांना समजावून सांगावा लागणार नाही. कॅरोल मॉरिसन नावाची बाई कॅमेऱ्याला आपली शेड उघडून दाखवते. शेड तिची, कर्ज तिचं, पिल्लं आणि खाद्य कंपनीचं. कंपनी म्हणते शेड सुधारा, ती नाही म्हणते, आणि करार जातो.

माझ्या माहेरी पोल्ट्रीची शेड आहे, कराराची. वडिलांनी जमीन तारण ठेवून बांधली. पिल्लं किती दिवसांनी येणार, दोन बॅचमध्ये शेड किती दिवस रिकामी राहणार, हे आमच्या हातात नाही. बँकेचा हप्ता मात्र रिकाम्या शेडचाही जातो. मी ही फिल्म त्यांना लॅपटॉपवर दाखवली. वडील काहीच बोलले नाहीत. रात्री जेवताना म्हणाले, "त्या बाईनं दार उघडलं हे मोठं काम केलं."

अजून एक सुचवते. हरिपूरच्या हळदीच्या पेवांवर कुणीतरी फिल्म करायला हवी. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या त्या मातीत खोल पेवं काढून हळद ठेवायचे. वीज नाही, औषध नाही, फवारणी नाही, आणि वर्षानुवर्षे हळदीला कीड नाही. आज शीतगृहाच्या विजेचा खर्च बघितला की त्या पेवांची किंमत कळते. २००५ च्या महापुरात कितीतरी पेवं पाण्याखाली गेली आणि तिथून ते सगळं ओसरत गेलं. ज्यांनी पेवं भरली-उपसली ती माणसं आता सत्तरीच्या पुढं आहेत. टिकाऊ अन्नव्यवस्था म्हणून परदेशातलं शोधत बसतो आणि हे आपल्या डोळ्यांदेखत जातंय, याचं मला फार वाईट वाटतं.

---

माणदेशी | १३ जुलै, सकाळी ६.५०

'काउस्पिरसी' कृपया लावू नका. म्हणजे लावायचाच असेल तर समोर मेंढपाळ, गाईवाले बसवून लावा आणि त्यांना बोलू द्या.

मी माण तालुक्यातला, धनगराचा पोरगा. कॉलेजात असताना ती फिल्म हॉस्टेलवर पाहिली. जनावरं पाळणं हेच जगाच्या नाशाचं मूळ, असं दीड तास ऐकलं. माझ्या डोळ्यांपुढं आमचं गाव होतं. पाऊस पडला नाही तर बाजरी जाते, मटकी जाते, हुलगा जातो. राहतं ते जनावर. खिलार गाय कडब्यावर आणि माळावरच्या कुसळी गवतावर तग धरते. २०१२-१३ च्या दुष्काळात म्हसवडला माणदेशी फाउंडेशनची चारा छावणी होती, तिथं लोक जनावरांसोबत महिनोन्महिने राहिले. कुणी हौसेनं राहतं का? जनावर गेलं की घर उठलं, म्हणून राहिले.

आणि 'किस द ग्राउंड'मध्ये कळप एका तुकड्यावरून दुसऱ्या तुकड्यावर फिरवायचं जे मोठं तंत्र दाखवलंय, ते माझा आजा करत होता. दिवाळी झाली की वाडा, म्हणजे मेंढरांसकट सगळं बिऱ्हाड, खाली कृष्णेकडं उतरायचा. रात्री ज्याच्या रानात मेंढ्या बसवायच्या तो शेतकरी धान्य द्यायचा, आता पैसे देतो. लेंडी आणि मूत थेट रानात, वाहतूक नाही, पोतं नाही. त्या माणसांना कुणी पर्यावरणवाले म्हणाले नाहीत. उलट मेंढरं पोरांसकट हुसकून लावल्याच्या रात्री माझ्या लक्षात आहेत.

---

डॉ_पशु | १३ जुलै, दुपारी २.२०

माणदेशी, तुमचं दुःख समजतं. मी फलटण भागात २० वर्षं जनावरांचा दवाखाना चालवतोय. आकडे स्पष्ट केले तर चर्चेला आधार मिळेल म्हणून लिहितो.

'काउस्पिरसी' २०१४ चा. त्यात हरितगृह वायूंपैकी ५१ टक्के पशुधनामुळं, असा आकडा येतो. तो २००९ च्या एका लेखातला आहे आणि त्यात जनावरांचा श्वासही उत्सर्जनात धरलाय. श्वासातला कार्बन वैरणीतून आलेला असतो आणि वैरणीनं तो हवेतूनच घेतलेला असतो, म्हणून शास्त्रज्ञ तो असा मोजत नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेनं २०१३ मध्ये हा वाटा १४.५ टक्के धरला होता, २०२३ च्या अहवालात तो सुमारे १२ टक्के आहे. ५१ आणि १२ यांत फार अंतर आहे. पण १२ सुद्धा थोडं नाही, हे गाईवर प्रेम करणाऱ्यांनी मान्य करायला हवं. रवंथातून निघणारा मिथेन हवेत १२ वर्षांच्या आसपासच टिकतो, पण १०० वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो.

आपल्याकडची अडचण अशी की दूध कमी आणि जनावरं जास्त, त्यामुळं एका लिटरमागं मिथेन जास्त पडतो. वैरण सुधारली की दूध वाढतं आणि लिटरमागचा मिथेन उतरतो. सांगली-साताऱ्यात ऊस पट्ट्यात काय चालतं? तोडीच्या दिवसांत नुसते वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते जनावराच्या अंगातलं कॅल्शियम बांधून टाकतं. मग गाय व्याल्यावर बसते आणि मला रात्री दोनला फोन येतो. मक्याचा मुरघास (हवाबंद मुरवलेली हिरवी वैरण), थोडी शेवरी, सुबाभूळ, खनिज मिश्रण, यातलं काही फार खर्चाचं नाही. आणि चार-पाच जनावरं असतील तर दोन घनमीटरचा गोबरगॅस आरामात चालतो. उकिरड्यावर कुजताना जो मिथेन वाया जातो तोच चुलीवर येतो, स्लरी रानात जाते.

मेंढ्यांचा विषय निघाला म्हणून सांगतो. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं जुळी कोकरं देणारी 'नारी सुवर्णा' मेंढी तयार केली. तितक्याच चाऱ्यात मेंढपाळाच्या हातात दोन पैसे जास्त यावेत, हा त्यामागचा विचार. यावर फिल्म झाली तर मी स्वतः गाडी काढून गावोगाव दाखवीन.

---

खोडवा | १३ जुलै, रात्री ९.१०

कृष्णाकाठ, मी अडुसष्ट वर्षांचा आहे, तुम्हाला मुलासारखं मानून लिहितो. तुम्ही पाचट ठेवलंत, चांगलं केलंत. पण आपण ऊसवाल्यांनी माहितीपट दाखवताना आपला मुख्य प्रश्न झाकून ठेवू नये. तो पाण्याचा आहे.

केंद्राच्या कृषिमूल्य आयोगानं आपल्या उसाच्या अहवालातच मांडलं होतं, की राज्याच्या पीकक्षेत्रात उसाचा वाटा ४ टक्क्यांच्या आत आणि सिंचनाच्या पाण्यातला वाटा ७० टक्क्यांच्या घरात. हे वाचून मला झोप लागली नव्हती. कारण ते पाणी मी स्वतः पाजलंय. रात्री दोनला लाईट येते म्हणून मोटर चालू करून झोपायचं, सकाळी सरी तुंबलेली. तीस वर्षं असं केलं. आमच्या ह्याच मळीच्या रानात माझ्या लहानपणी शाळू डोक्याएवढा यायचा, हरभरा यायचा. आज त्यातलं सव्वा एकर पांढरं पडलंय. उन्हाळ्यात मीठ फुटल्यासारखं दिसतं. तिथं आता लव्हाळासुद्धा धड येत नाही.

कुणी म्हणतं जिप्सम टाका. लोकांनी आधी माती तपासून घ्यावी. जिप्सम चोपण जमिनीला लागू पडतं, तिथं सोडियम मातीला चिकटलेला असतो. नुसती क्षारयुक्त जमीन असेल तर क्षार धुऊन बाहेर काढावे लागतात आणि त्यासाठी निचरा लागतो. जमिनीखाली सच्छिद्र पाईप, त्याला जाळीचं आवरण, ते पाणी मुख्य पाईपात आणि तिथून ओढ्याला. शेजारी शिरोळ तालुक्यात दत्त कारखान्याच्या पुढाकारानं शेतकऱ्यांनी एकत्र येऊन हे मोठ्या प्रमाणावर केलंय, नापीक झालेल्या रानात परत ऊस, गहू उभा राहिलाय. मी जाऊन पाहून आलो.

एकट्यानं हे होत नाही. माझं पाणी ओढ्याला जायचं तर सहा जणांच्या रानाखालून पाईप जायला हवा. सहांपैकी दोघांची जमीन चांगली आहे, ते कशाला खोदू देतील? मला फिल्म हवी तर ती ह्या सहा जणांच्या बैठकीची हवी. कॅलिफोर्नियाच्या माणसाला २०० एकर सलग मिळाले, म्हणून घुबडांनी काम केलं. आपलं रान गुंठ्यांत आहे.

आणि फिल्मवाले शेतकऱ्याला विचारतात, बाबा ऊस का लावतोस? तुरीचा, सोयाबीनचा भाव काढणीला पडतो. उसाला एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान भाव, कायद्यानं आहे, कारखाना उचलतो, वादळानं आडवा झाला तरी काहीतरी हातात येतं. दुसऱ्या कुठल्या पिकाला एवढी खात्री असेल तर सांगा, मी उद्या बदलतो.

---

कृष्णाकाठ | १३ जुलै, रात्री १०.३०

काका, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून वाचनालयात लावू का? सहा जणांच्या बैठकीचं मला सुचलंच नव्हतं. आमच्या गावातही तीच गत आहे. ठिबकाला अनुदान एकट्याला मिळतं, पण निचऱ्याला शेजारी लागतो.

---

द्राक्षबाग_तासगाव | १४ जुलै, सकाळी ८.०५

आमच्याकडचं सांगतो. आम्ही बागायतदार फवारणीत गुरफटलेले लोक. ऑक्टोबर छाटणी झाली की डावणी आणि भुरी या रोगांच्या भीतीनं पंप खाली ठेवता येत नाही, त्यात अवकाळी आला तर विचारू नका. पाऊस थांबल्या थांबल्या चिखलात ट्रॅक्टर घालावा लागतो.

पर्यावरणाचा विचार आमच्या बागेत फिल्ममुळं आला नाही, २०१० मुळं आला. त्या वर्षी युरोपात क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशामुळं आपली द्राक्षं अडकली. शेंडा थांबवायला सगळेच ते वापरत होते, कुणाला त्यात गैर वाटत नव्हतं. कितीतरी बागायतदारांचं वर्ष गेलं. मग नमुने, प्रयोगशाळा, फवारणीची वही, शेवटच्या फवारणीपासून काढणीपर्यंतचे दिवस मोजणं, हे शिस्तीनं सुरू झालं. निर्यातीच्या बागेत ते पाळलं जातं. माझ्या मनाला लागलेली गोष्ट ही, की तीच शिस्त गावच्या बाजारात जाणाऱ्या मालाला नाही. परदेशातल्या लेकरासाठी आपण वही ठेवतो आणि आपल्या लेकरासाठी ठेवत नाही. यावर कुणीतरी कॅमेरा लावायला हवा. मी माझी वही दाखवायला तयार आहे, दोन्ही बागांची.

तुमच्या 'आपली फिल्म' या विचाराला माझा पूर्ण पाठिंबा. श्री. अ. दाभोलकर सरांचा प्रयोग परिवार आठवतो. आमच्या वडिलांच्या पिढीनं पानांची मोजणी, उन्हाचा हिशेब, मुळांची तपासणी त्यातून शिकली. एकानं प्रयोग करायचा, पत्रानं दुसऱ्याला कळवायचा, चुकलं तेही कळवायचं. कॅमेरा नव्हता एवढंच. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि आपण एकमेकांना सकाळचे शुभेच्छा संदेश पाठवतो.

---

सह्यकडा | १४ जुलै, दुपारी १२.४०

डोंगराकडचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी महाबळेश्वर तालुक्यातली, घरी स्ट्रॉबेरी आणि मधाच्या पेट्या.

'मोअर दॅन हनी' पाहा. मार्कुस इम्होफचा, २०१२ चा. जगातले बहुतेक बदाम कॅलिफोर्नियात होतात, आणि ते फळाला यावेत म्हणून ट्रकच्या ट्रक भरून मधमाश्यांच्या पेट्या तिथं न्याव्या लागतात, कारण बदामाशिवाय दुसरं काहीच नसलेल्या त्या रानात मधमाशी वर्षभर जगू शकत नाही. चीनमध्ये माणसं झाडावर चढून हातानं परागकण लावतात, तेही त्यात दिसतं. आमच्या घरी ते पाहताना सासूबाई एकच वाक्य बोलल्या, "माशी गेली की मानसानं माशीचं काम करायचं."

आपल्याच तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. तिथं मध टिकला कारण जंगल टिकलं. कारवी, जांभूळ, हिरडा, गेळा फुलला की पेट्या भरतात. खालच्या डाळिंबवाल्यांनी, कांद्याचं बी करणाऱ्यांनी पेट्या मागवल्या की आम्ही देतो, पण फुलोऱ्यात फवारणी करू नका म्हणून हात जोडून सांगावं लागतं. सांजवेळी माश्या पेटीत परतल्यावर फवारा, एवढं पाळलं तरी पुष्कळ वाचतं. मागच्या वर्षी चार पेट्या मेलेल्या परत आल्या. पेटीचं झाकण काढल्यावर तळाला तो काळा थर बघवत नाही.

---

कोरेगावकर_वहिनी | १४ जुलै, रात्री ९.५५

सगळं मन लावून वाचलं. एक विचारते, राग मानू नका. कृष्णाकाठ भाऊजी, तुमच्या त्या चाळीस माणसांत बायका किती होत्या?

आमच्याकडं कोरेगाव तालुक्यात २०१६ ला पाणी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा झाली, वेळू गाव त्यात पहिलं आलं. तेव्हा जे व्हिडिओ दाखवले ते मराठीत होते, छोटे होते, आणि त्यात सांगितलं होतं की समतल चर कसा आखायचा, किती खोल काढायचा, माती कुठल्या बाजूला टाकायची. दुसऱ्या दिवशी जाऊन करता येईल असं. त्या चरांवर घमेली कुणी वाहिली? निम्म्याहून जास्त बाया होत्या. मी होते. सहा आठवडे रोज पहाटे.

माझं मत सांगते. आपल्या दोन जिल्ह्यांत कुठल्याही मोठ्या माहितीपटानं केलं नसेल तेवढं काम त्या दहा-दहा मिनिटांच्या व्हिडिओंनी केलं, कारण ते आपल्या बोलीत होते आणि माणूस माहिती घेऊन थेट टिकावाकडं जात होता.

पण पाणी आल्यावर पुढं काय, हे ठरवायला गाव परत एकत्र बसलं पाहिजे. हिवरे बाजारला दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात, ऊस आणि केळी लावायची नाही असा गावाचाच नियम आहे. आपल्याकडं विहिरीला पाणी दिसलं की पहिला विचार उसाचा. आमच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, पावसाच्या पाण्यावर येणारं पीक, मुळावर गाठी धरून जमिनीला नत्र देणारं. आणि त्याचं बी राखायचं काम घरातल्या बाईचं. मडक्यात राख घालून बी ठेवायचं, कुठलं बी कुठल्या रानातलं हे तिलाच ठाऊक. नगरकडच्या अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरेंना २०२० चा पद्मश्री याच कामासाठी जाहीर झाला.

रविवारी रात्री नऊला फिल्म लावलीत तर बाई भाकरी थापत असते. बाजाराच्या दिवशी दुपारी लावा, त्या दिवशी मजुरीला सुट्टी असते. आणि कांदे-लसूण निवडत बसून बघू द्या.

---

शिवारफेरी | १४ जुलै, रात्री १०.२०

वहिनींना अनुमोदन. माझी एकच सूचना. 'नीरोज गेस्ट्स' म्हणून दीपा भाटियांचा २००९ चा माहितीपट आहे, पत्रकार पी. साईनाथ विदर्भात शेतकरी आत्महत्या झालेल्या घरांत जातात त्यावर. सगळ्यांनी पाहावा असा आहे. पण गावात, ज्या घरात असं घडलंय त्या घरची माणसं समोर असताना, न सांगता लावू नका. आमच्याकडं एका कार्यक्रमात तसं झालं. त्या घरची बाई उठून गेली आणि नंतर आम्ही कुणीच तिच्या दारात जाऊ शकलो नाही.

---

कृष्णाकाठ | १५ जुलै, रात्री ११.००

वहिनी, चाळीसात चार बायका होत्या, त्यातली एक माझी आई. आज तिला विचारलं, तुला फिल्ममधलं काय आठवतं? म्हणाली, "ती मॉली सयपाक करताना दिसली, पर तिला रानातलं काय वाटतं ते लई कमी इचारलं." मी ती फिल्म तीनदा पाहिली, हे मला दिसलं नव्हतं.

आज आम्ही बसून ठरवलं ते असं.

या गुरुवारी बाजाराच्या दिवशी दुपारी दोन वाजता मारुतीच्या सभामंडपात, फक्त बायकांसाठी, 'मोअर दॅन हनी'चे निवडक अर्धा तास. भाषांतर या वेळी आमची चुलत बहीण करणार. माईक माझ्याकडं नसेल.

'काउस्पिरसी' आत्ता नाही. पुढं लावलाच तर डॉक्टर आणि माणदेशी दोघं समोर हवेत.

आमची फिल्म : माझा तो एक एकर, पाचटाचा, आणि त्याला लागून असलेलं चुलत्याचं जाळलेलं एक एकर. दर पंधरा दिवसांनी एकाच खुंटापाशी उभं राहून दोन्हींचं चित्रीकरण. मोटर किती तास चालली, खत किती, मजुरी किती, ते पडद्यावर आकड्यात. फेब्रुवारीतला पिवळा खोडवा माझ्या मोबाईलमध्ये फोटोत आहे, तो पहिल्यांदा दाखवायचा. माती परीक्षणही दोन्हींचं केलंय : सेंद्रिय कर्ब माझा ०.४४ टक्के, चुलत्यांचा ०.४१ टक्के. एवढाच फरक. एका वर्षात, आपल्या उन्हात, कर्ब झपाट्यानं वाढत नाही, तो जळूनही जातो. 'किस द ग्राउंड'नं जी आशा दाखवली तिच्यापुढं ०.०३ फार लहान आहे, आणि तेवढं तपासणीतल्या फरकानंही होऊ शकतं. तरी हाच आकडा दाखवायचा असं ठरलं. पाण्याच्या पाळीतले पाच दिवस मात्र खरे आहेत, ते आबांनी स्वतः मोजले.

आबांचं सांगायचं राहिलं. बैठक संपल्यावर ते म्हणाले, "माज्या धा गुंठ्यात पन लाव कॅमेरा. औंदा मी बी काडी लावत न्हाय." पैसा कुठनं, हा त्यांचा प्रश्न मी त्यांनाच परत विचारला. म्हणाले, "हेक्टराला दोन पोती युरिया आन् पंप कमी चालला त्येचं बिल. बाकीचं तू लिहून ठेव, साल सरंल तवा बघू."

एक अडचण आहे. बुडखे छाटून पाचट बारीक करायला कुट्टी यंत्र लागेल. भाड्याचं मिळतं पण तोडीच्या दिवसांत नंबर लागत नाही. कुणाकडं असेल तर सांगा.

---

द्राक्षबाग_तासगाव | १६ जुलै, सकाळी ७.१५

आमच्या गटाकडं कुट्टी यंत्र आहे. फळछाटणीच्या काड्या बारीक करायला घेतलंय, ते काम जानेवारीत नसतं. डिझेल तुमचं, ट्रॅक्टरला पीटीओ (मागं यंत्र फिरवणारा दांडा) हवा. नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवतो.

---

माणदेशी | १६ जुलै, सकाळी ७.४०

दिवाळीनंतर आमच्या चुलत्याचा वाडा तुमच्या पट्ट्यात उतरतो, साडेतीनशे मेंढ्या. तुमचा ऊस गेला की कळवा. पाचट तसंच राहू द्या, हिरवे वाढे मेंढ्या खातील, बाकीचं तुडवून बारीक करतील. दोन रात्री तुमच्या एकरात आणि एक रात्र आबांच्या दहा गुंठ्यांत बसवतो. चुलते पैसे घेतील, जो दर चालू असेल तो, आणि तो आकडाही तुमच्या फिल्ममध्ये लिहा.